पाठीमागची गाठ

हे मनन सावकाश वाचायचं आहे. स्वयंपाकघर रिकामं आहे, गॅस बंद आहे, कुणाच्या डब्याची घाई नाही, अशी वेळ निवडा. घरात एप्रन असेल तर तो आणून मांडीवर ठेवा. नसेल तर पंचा, जुनी ओढणी किंवा ओट्याशेजारी अडकवलेलं हात पुसायचं फडकं घ्या. साडी नेसलेली असेल तर पदर आहेच. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा.

पाठ टेकवा. खांदे सैल सोडा. दोन्ही तळवे कापडावर पालथे ठेवा. काही श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

घरात काम करताना आपण अंगावर जे बांधतो त्या कापडापाशी आज बसायचं आहे. त्याचा इतिहास हातांनीच चाचपत जाऊ. आधी वीण, मग रंग आणि डाग, मग खिसा, मग बंद आणि सगळ्यात शेवटी गाठ.

वीण

अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापडाची कड धरा. हळूहळू चोळा. जाडसर आहे, की धुऊन धुऊन मऊ पडलं आहे? बहुधा सुती असेल. किती धुणी त्याने पाहिली असतील, ते बोटांना कळतं.

आता धुण्याचं यंत्र नव्हतं त्या काळातलं युरोपातलं एक साधं घर डोळ्यांपुढे आणा. बाईच्या अंगात लोकरीचा जाड झगा आहे. असे झगे तिच्याकडे एक किंवा दोन. लोकर उकळत्या पाण्यात घातली तर आटते, आणि भिजली की लवकर वाळत नाही. पाणी बादल्यांनी आणायचं, लाकडं जाळून तापवायचं, मग धुणं काढायचं. झगा रोज धुणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यावर पुढून लिननचं, पुढच्या काळात सुती कापड बांधलं जाई. हे कापड उकळता येई, घासता येई, गवतावर पसरून उन्हात पांढरं करता येई. झगा कित्येक दिवस तसाच राही, पुढचं कापड मात्र वरचेवर धुतलं जाई.

म्हणजे एप्रनच्या मुळाशी काटकसर आहे. सगळं धुणं परवडत नाही तेव्हा माणूस जिथे डाग पडतो तेवढाच तुकडा वेगळा काढतो.

तळवे पुन्हा कापडावर ठेवा. या कापडामुळे काय काय वाचतं, ते मनाशी बघा. आतला कपडा वाचतो. पाणी वाचतं. धुणाऱ्याची मनगटं वाचतात. तुमच्या घरात हळदीचे डाग कोण घासून काढतं? त्या माणसाचा चेहरा समोर येऊ द्या. तो स्वतःचाच असेल तर स्वतःचा येऊ द्या.

इथे थांबा.

पुढची बाजू

कापड उलगडा आणि नुसतं पोटासमोर धरा. बांधू नका अजून. ते अंगाची पुढची बाजू झाकतं, पाठ तशीच राहते. काम माणसाच्या अंगावर पुढून येतं. तडतडणारी मोहरी, परातीतून उडणारं पीठ, धावत येऊन मिठी मारणारे चिकट हात, सगळं पुढूनच.

पण पुढून बांधायच्या कापडाचा कष्टांशीच संबंध होता असं नाही. प्राचीन इजिप्तमधल्या राजांच्या पुतळ्यांत कमरेच्या वस्त्रावर पुढे आलेला त्रिकोणी, ताठ पदर दिसतो. क्रीट बेटावर क्नोसोसला १९०३ मध्ये आर्थर इव्हान्स यांच्या उत्खननात हातांत साप धरलेल्या स्त्रियांच्या छोट्या मूर्ती निघाल्या. त्या साधारण ३,६०० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांच्या झालरीदार घागऱ्यांवर पुढे आणि मागे गोलसर कापड बांधलेलं आहे. तिथे कुठे तेल उडत नव्हतं. ते मानाचं कापड होतं.

कारागिरांच्या अंगावर तेच कापड चामड्याचं झालं. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात कावे लोहाराची गोष्ट आहे. जुलमी राजा जहाकच्या खांद्यांवरच्या सापांना तरुणांचे मेंदू खाऊ घातले जात. कावेची मुलं त्यात एकामागून एक गेली. शेवटी त्याने भट्टीसमोर बांधायचं आपलं चामडं सोडलं, भाल्याच्या टोकाला लावलं आणि लोकांना हाक दिली. जहाकचा पाडाव झाल्यावर त्याच चामड्यावर रत्नं जडवली गेली आणि ते इराणच्या राजांचं निशाण झालं. आपल्याकडच्या पारशी घरांना ही गोष्ट नवी नाही.

युरोपातल्या दगडकामगारांचा एप्रन फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या मंडळींनी उचलला आणि पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा करून समारंभात मिरवला. १८ सप्टेंबर १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीची कोनशिला बसवली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कमरेला असाच एप्रन होता. मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन्स हॉल आहे. तिथल्या सभासदांच्याही रीतीत एप्रन आहे.

आता कापड पोटासमोर धरूनच हा प्रश्न मनात ठेवा. भट्टीपुढचं चामडं झेंडा होतं, कोनशिलेपुढचं कातडं सन्मान होतं, मग चुलीपुढचं कापड फडकंच का राहतं?

लगेच उत्तर शोधू नका. प्रश्न मांडीवर ठेवा आणि पुढे चला.

निळा

आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं एक चित्र आहे. उंची जेमतेम दीड फूट. साधारण १६६० च्या सुमारास काढलेलं. डाव्या हाताच्या खिडकीतून उजेड येतोय. एक धट्टीकट्टी मोलकरीण मातीच्या भांड्यात दूध ओततेय. टेबलावर पाव आहेत. तिची नजर दुधाच्या बारीक धारेवर आहे, आणखी कशावरही नाही. तिने पिवळी चोळी घातली आहे, लाल घागरा आहे आणि त्यावर वर ओढून खोचलेला निळा एप्रन.

तो निळा रंग लाजवर्द दगड कुटून, धुऊन काढलेला आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. डोंगर, वाळवंटं, बंदरं ओलांडत युरोपात पोचेपर्यंत तो अतिशय महाग झालेला असे. शतकानुशतकं युरोपातले चित्रकार हा निळा रंग मेरीमातेच्या वस्त्रांसाठी राखून ठेवत. व्हर्मीरने तो एका मोलकरणीच्या एप्रनवर खर्च केला.

तुमच्या मांडीवरच्या कापडाकडे बघा. एकच सुरकुती निवडा. ती कुठून निघते, कुठे विरते, उजेड तिच्या कोणत्या बाजूला पडतो? रंग ठरवायची घाई करू नका. पांढरं म्हणून आणलेलं कापड नीट पाहिलं की पांढरं राहत नाही. कुठे पिवळट, कुठे करडं, शिवणीपाशी निळसर.

या सुरकुतीकडे पाहण्यात जो वेळ गेला, त्याला काही भाव लागत नाही. व्हर्मीरच्या निळ्याला लागत होता. त्या मोलकरणीचा पगार कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तिच्या एप्रनच्या घड्या साडेतीनशेहून जास्त वर्षांनंतरही लोक रांग लावून बघताहेत.

डोळे मिटा. दुधाची धार बघा. ओतणारा हात हलत नाही.

डाग

डोळे उघडा आणि कापडावर डाग शोधा. नवंकोरं असेल तर शेवटचा डाग कशाचा पडला होता ते आठवा. आमसुलाचा? हळदीचा? फणसाच्या चिकाचा?

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात मध्यमवर्गी घरांतल्या मोलकरणींना दिवसाचे दोन पोशाख असत. सकाळी छापील सुती झगा आणि साधा जाड एप्रन, कारण तेव्हा शेगडीची राख काढायची, फरशा घासायच्या. दुपारी काळा झगा, डोक्यावर टोपी आणि समोर पांढराशुभ्र, झालरीचा एप्रन. तेव्हा पाहुणे येत आणि दार उघडायला जावं लागे. बऱ्याच मुलींना हे कपडे स्वतःच्या पैशाने घ्यावे लागत. पहिली नोकरी धरण्याआधी त्यासाठी पैसे साठवावे लागत.

दुपारच्या एप्रनचं काम डाग झेलायचं नव्हतंच. डाग नाही हे दाखवायचं होतं. पांढरं कापड आणि कडक खळ बघून पाहुण्याला कळायचं की या घरात कष्ट होतात, पण दिसत नाहीत. आणि दार उघडणारी कोण आहे हे तिला न विचारताच समजायचं.

कापड इथे वळलं. कामासाठी बांधलेलं होतं, ते माणसावर लावलेली पाटी झालं.

ही पाटी आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिला एप्रन आला तो मेडिकलला गेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा. पांढरा, बाह्यांचा, खिशावर नाव. त्याला वेगळं भिजवलं जातं, नीळ घातली जाते, इस्त्री होते, हँगरला लागतो. जिने तो धुतला तिच्या अंगावर ओट्यापाशी काय होतं? जुना गाऊन, आणि खांद्यावर टाकलेला नॅपकिन.

कुणाला दोष द्यायचा नाही. दोन्ही कापडं शेजारी शेजारी मनात वाळत घाला आणि काही वेळ बघत बसा.

पदर

मराठी घरात एप्रन उशिरा आला, कारण पदर आधीपासून होता. नऊवारी असो की पाचवारी, कामाला लागताना पदर कमरेला खोचला जाई, आणि अजूनही जातो. बाई पदर खोचते तेव्हा घरातल्या माणसांना कळतं की आता बोलण्यात वेळ जायचा नाही.

पदराची कामं आठवा. सांडशी सापडत नाही तेव्हा पातेलं उतरवायला पदराचं टोक. धुतलेले हात पुसायला पदर. मुलाचं नाक, डोळ्यांतलं पाणी, ताटाची कड पुसायला पदर. उन्हात डोक्यावर, धुरात नाकावर. टोकाला गाठ मारली की आत सुटे पैसे. एका कापडाकडे इतकी कामं जगात फार कमी ठिकाणी असतील.

पण पदर पेटतोही. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघरी आल्या तेव्हा हा धोका वाढला, कारण असं कापड ज्वाळेने वितळतं आणि कातडीला चिकटतं. ओट्यावरून मागच्या शेगडीकडे हात नेताना सुटलेलं टोक ज्वाळेवर जायला एक क्षण पुरतो. सुती एप्रनचा खरा उपयोग इथेच आहे. तो पदर, ओढणी, सैल गाऊन, सगळं अंगाशी आवळून धरतो.

आणखी एक फरक आहे. तो कळायला वेळ लागतो, म्हणून सावकाश वाचा. पदर बाईच्या नेसणाचाच भाग आहे. काम संपलं तरी तो अंगावरच असतो. खोचलेला काढला, खांद्यावर घेतला, एवढाच फरक. संध्याकाळी ती गॅलरीत येऊन बसते तेव्हाही पदर जवळच, आणि कुणाचा चहा सांडला की तो लगेच पुढे होतो.

तुमच्या आईचा, आजीचा, सासूचा हात आठवा. पदराकडे जाणारा. तो हात कधी रिकामा बसलेला पाहिला होता?

थांबा. आठवत नसेल तर तसंच राहू द्या.

सोवळं

स्वयंपाकासाठी वेगळं वस्त्र आपल्याकडे मुळीच नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. ब्राह्मण घरांत सोवळं होतं. आदल्या दिवशी धुतलेलं लुगडं काठीने उंच दांडीवर वाळत घालायचं, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, सकाळी आंघोळ करून काठीनेच काढायचं आणि नेसून चुलीपुढे बसायचं. कुठे रेशमी मुकटा, कुठे लोकरीची धाबळी. पुरुष आचारीही सोवळ्यानेच रांधत. जेवणं उरकली की सोवळं सोडायचं.

वरवर पाहिलं तर हे एप्रनसारखंच. काम सुरू होताना नेसायचं, संपलं की सोडायचं. पण एप्रन डागापासून वाचवतो. सोवळं माणसांपासून वाचवत होतं. शाळेतून आलेल्या पोराने आजीला हात लावायचा नाही. पाळी आलेल्या मुलीने कोपऱ्यात बसायचं. अस्पृश्य मानलेल्या जातीच्या माणसाची तर सावलीही नको. अनेक घरांत केशवपन केलेल्या विधवा आलवण नेसून वर्षानुवर्षं याच सोवळ्यात सगळ्यांचा स्वयंपाक करत आणि पंक्तीला मात्र दिसत नसत.

इथे मन जड होईल. होऊ द्या. श्वास सोडताना एवढंच लक्षात घ्या की काम आणि वस्त्र यांची गाठ आपल्याकडेही पडली होती, पण ती स्वच्छतेपाशी थांबली नाही. ती माणसांच्या उतरंडीपर्यंत गेली.

खिसा

कापडाला खिसा असेल तर त्यात हात घाला. काय लागतं हाताला? किराण्याची चिठ्ठी, कपड्यांचा चिमटा, लायटर, मिठाईच्या डब्याचा रबर.

खिसा नसेल तर कापडाची खालची दोन टोकं धरून वर उचला. झोळी झाली. अमेरिकेतल्या शेतकरी बायका या झोळीत अंडी गोळा करत, वाटाण्याच्या शेंगा आणत, चुलीसाठी काटक्या आणत. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला कापडाची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत सरीतून पुढे सरकतात. सणाला, निरोपाला, डोहाळजेवणाला पदर पसरला जातो आणि त्यात तांदूळ, नारळ, खण पडतो.

टोकं धरून ठेवा. झोळी रिकामी आहे. कुणी काही टाकायची वाट न बघता ती तशीच धरता येते का, बघा.

मग टोकं सोडा.

बंद

आता बंद हातात घ्या. दोन लांब पट्ट्या. बोटांमधून टोकापर्यंत ओढत न्या. विसावं शतक या पट्ट्यांमधून गेलं आहे.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. अन्न वाचवायच्या मोहिमेचे प्रमुख हर्बर्ट हूवर. घराघरांतल्या बायकांनी गहू, मांस, साखर जपून वापरायची शपथ घेतली, आणि त्या मोहिमेबरोबर एक एप्रन पसरला. त्याच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींवर येत. वरची मळली की ती आत घालून खालची वर आणायची. घर एकाएकी आघाडी झालं आणि एप्रन गणवेश.

पुढे अमेरिकेतल्या महामंदीच्या वर्षांत पिठाच्या, कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे एप्रन शिवले जात. ते पाहून कंपन्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. पोतं रिकामं व्हायच्या आधी त्याचं काय शिवायचं ते ठरलेलं असे.

जपानमध्ये किमोनोच्या लांब बाह्या सांभाळण्यासाठी कप्पोगी नावाचा पांढरा, बाह्यांचा, पाठीवर बांधायचा एप्रन आला. १९३२ मध्ये ओसाकात सुरू झालेल्या राष्ट्ररक्षण महिला संघटनेने तोच पोशाख म्हणून घेतला. आतला किमोनो रेशमी की जाडाभरडा, हे कप्पोगीखाली दिसेना. श्रीमंत आणि गरीब बायका एका रांगेत सारख्या दिसू लागल्या, आणि त्याच रांगेत उभ्या राहून त्यांनी मुलांना युद्धावर जाताना निरोप दिला. एकच कापड बायकांना बरोबरीला आणतं आणि त्याच वेळी जुंपतंही. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम मनात धरा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी धुण्याची यंत्रं आली. आता झगा धुणं अवघड राहिलं नाही, म्हणजे एप्रनची जुनी गरज संपली. तेव्हाच तो सर्वांत जास्त सजला. आरपार दिसणारं ऑर्गंडी, झालर, नाताळची चित्रं. तेलाचा एक थेंब पडला तर खराब होईल असा एप्रन घालून यजमानीणबाई पाहुण्यांपुढे येत. अंगणात मांस भाजणाऱ्या नवऱ्यासाठी वेगळा एप्रन निघाला, त्यावर विनोदी वाक्य छापलेलं. तिचा एप्रन रोजचा होता, त्याचा रविवारची गंमत. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक आलं आणि त्या हसऱ्या चित्रामागचा कोंडमारा छापून लोकांपुढे आला.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कलाकार मार्था रॉस्लर यांनी सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहतात, इंग्रजी मुळाक्षरांतल्या पहिल्या अक्षरासाठी एप्रन चढवतात आणि मग एकेका अक्षराला एकेक भांडं, चमचा, सुरी हातात घेऊन दाखवतात. चेहरा कोरा, हातांचे हिसके वाढत जातात. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या कलाकार बिर्गिट युर्गेन्सन यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला. त्यांच्या अंगावर एप्रनच्या जागी अख्खी शेगडी बांधलेली आहे. बाई आणि चूल यांच्यात आता अंतरच उरलेलं नाही.

बंद अजून बोटांत आहेत? ते सैल पडलेत की तुम्ही नकळत आवळून धरलेत?

हात सोडा. श्वास घ्या.

गाठ

आता उभे राहा. कापड पुढून लावा. दोन्ही बंद पाठीमागे न्या आणि गाठ मारा. पदर असेल तर खोचा.

गाठ मागे आहे. ती तुम्हाला दिसत नाही. बोटं एकमेकांना शोधत जातात, एक फास, दुसरा फास, आणि ओढ. रोज बांधणाऱ्याचे हात हे आपोआप करतात. हॉटेलच्या मुदपाकखान्यात बरेच आचारी बंद मागून फिरवून पोटावर गाठ मारतात, म्हणजे ती लवकर सोडता येते. घरात ती मागेच राहते. त्यामुळे घरात ती दुसऱ्यालाही बांधता येते. पिठाने माखलेल्या हातांनी तुम्ही वळलात आणि 'जरा मागे बांध रे' म्हणालात, तर त्याला तुमच्या पाठीशी येऊन उभं राहावं लागतं.

मघाचा प्रश्न आता पुन्हा काढू. कावेचं चामडं झेंडा झालं आणि चुलीपुढचं कापड फडकंच राहिलं, हे का? कावेने चामडं सोडलं होतं. तो भट्टीपासून दूर आला, आणि कापड त्याच्या अंगावरून उतरून भाल्यावर चढलं. वॉशिंग्टन यांनीही कोनशिला बसली की एप्रन काढून ठेवला. ज्यांना ते उतरवता आलं त्यांच्यासाठी ते मानाचं झालं. व्हिक्टोरियन मोलकरीण, आलवणातली आजी, युर्गेन्सन यांच्या फोटोतली बाई, यांच्या अंगाला ते चिकटलं. काम संपत नव्हतं म्हणून कापड उतरत नव्हतं, आणि कापड उतरत नव्हतं म्हणून काम त्यांचंच ठरत होतं.

पदर बाईचा असतो. एप्रन कामाचा असतो. तो कुणाच्याही मापाचा नाही, म्हणूनच त्याला बंद आहेत. काल तो ज्याच्या पोटावर होता त्याच्यापेक्षा आज जाड किंवा बारीक माणसाने बांधला तरी चालतो. घरात एप्रन असण्यातली खरी सोय ही आहे. तेल झेलणं तर जुनं फडकंही करतं.

गाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहा. या घरात ही गाठ आणखी कुणाच्या पाठीवर बसली आहे? कुणाच्या कधीच नाही? नावं आठवा. राग येत असेल तर तोही पाहा. नावं मात्र सोडू नका.

सोडणं

आता बंदाचं एक टोक ओढा. गाठ सुटेल. नीट मारलेली गाठ एका ओढीत सुटते. गुंता झाला असेल तर वेळ घ्या.

कापड अंगावरून उतरताना पोटाला हवा लागते. तिकडे लक्ष द्या. काम करणारे तुम्ही आणि आता हे नुसते उभे असलेले तुम्ही, या दोघांत एवढं कापड होतं.

स्वयंपाकघरातलं काम संपत नाही, ही तक्रार खरी आहे. दुपारची भांडी घासून होतात तोवर चार वाजतात. पण संपत नाही म्हणून थांबवता येत नाही, असं नाही. धरणात पाणी आहे म्हणून नळ दिवसभर कुणी उघडा ठेवत नाही. थांबण्यासाठी एक कृती लागते, आणि ती घरातल्या इतरांना दिसावी लागते. पदर खोचलेला काढणं कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रन काढून अडकवणं लक्षात येतं.

म्हणून या मननाचा शेवट बसून करायचा नाही. उठायचं आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी शोधा. नसेल तर ठोकून घ्या. उंची अशी ठेवा की दहा वर्षांच्या पोराचा हात पोचेल आणि सासऱ्यांना वाकावं लागणार नाही. एप्रन तिथे अडकवा. अडकवताना पुटपुटू नका. बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा, 'माझं आवरलं.'

मग बाहेर येऊन बसा. दहा मिनिटांत कुणीतरी टीव्हीवरून नजर न काढता म्हणेल, 'जरा चहा टाकतेस का?' किंवा 'टाकतोस का?' उठू नका, रागावूही नका. दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवा आणि सांगा, 'बांध. मागची गाठ मी मारून देईन.'